हात सैल झाला, पुढे काय?

शंकेखोर : पनवेलमध्ये फिजिओथेरपीच्या पाट्यांना तोटा नाही. कामोठ्याला एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, फिजिओथेरपीही तिथे शिकवतात, म्हणजे शिकलेली माणसं दरवर्षी बाहेर पडताहेत. असं असूनही लकव्याच्या माणसाची गोष्ट घरोघर सारखीच का? झटका येतो, एक बाजू जाते, काही दिवसांनी सुट्टी मिळते. मग दोन-तीन महिने रिक्षाने क्लिनिकला ने-आण. तिथे हात ताणतात, मशीन लावतात, कप्पी ओढायला सांगतात. चौथ्या महिन्यात घरचे थकतात, पैसे आटतात, आणि छातीशी दुमडलेला हात तसाच दुमडलेला राहतो. मेंदूचा जो भाग रक्त न मिळाल्याने मेला, तो मेला. व्यायामाने तो काही उठून बसत नाही. मग ही धडपड नेमकं दुरुस्त काय करते?

आशावादी : मेलेला भाग उठत नाही, काका, हे मान्य. पण त्याच्या शेजारचा भाग शिकू शकतो. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो यांचे माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूत हाताचा ताबा असलेल्या भागाला छोटी इजा केली होती. सराव न मिळालेल्या माकडांच्या मेंदूत हाताची वाचलेली जागाही नंतर आक्रसली. ज्यांना बारीक खळग्यांतून खाऊ उचलायला लावला, त्यांची जागा टिकली, काहींची तर पसरली. सरावाचं काम हे.

आता तो दुमडलेला हात. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि तिथेच घोळ होतो. पहिली मज्जातंतूंची. मेंदूकडून येणारा लगाम सुटला की पाठीच्या कण्यातल्या प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट होतात. स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका तो जास्त अडवतो, सावकाश ताणलात तर बराच ऐकतो. झटक्यानंतर साधारण चौघांत एकाला हा त्रास होतो. दुसरी गोष्ट स्नायूच्या मांसाची. हात महिनोन्‌महिने एकाच घडीत राहिला की स्नायू खरोखर आखूड होतो, सांधा धरतो. पहिलीवर औषध आहे. दुसरी एकदा पक्की झाली की औषधाला दाद देत नाही. म्हणून सुरुवातीपासून हात कसा ठेवायचा, उशी कुठे द्यायची, कुशीवर कसं वळवायचं, हे आम्ही बडबडत असतो.

शंकेखोर : तुम्ही बडबडता, आणि घरचे रोज अर्धा तास हात ताणत बसतात. त्या ताणण्याबद्दल कॉक्रेनचा आढावा आहे, २०१७ चा, डॉक्टर. अनेक प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढला की मेंदू-मज्जातंतूंच्या रुग्णांत सात महिन्यांपर्यंतच्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. स्प्लिंट बांधा, हाताने ताणा, काही करा. ज्या उपचारावर घरातल्या बाईची रोजची सकाळ जाते त्याचा हा हिशेब. याला तुमचं काय उत्तर?

आशावादी : उत्तर नाही, कबुली आहे. नुसतं ताणणं हा उपचार नाही. दवाखान्यातून ती सवय जात नाही, कारण ताणताना काही तरी केल्यासारखं वाटतं, रुग्णालाही आणि आम्हालाही. पण त्याहून वाईट गोष्टी घरोघर चालतात. मेडिकलच्या दुकानातून हसऱ्या तोंडाचा रबरी चेंडू आणतात आणि दिवसभर दाबायला देतात. अहो, बोटं आधीच मिटायला टपलेली असतात. अडचण उघडण्याची आहे, आणि आपण मिटण्याचा सराव देतो. दाराला टांगलेली कप्पीही तशीच. लुळ्या खांद्याचा सांधा नीट बसलेला नसतो, तो डोक्यावर ओढला की खांदा दुखायला लागतो, आणि दुखलं की हात आणखी आखडतो. उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, हे जरी प्रत्येक घराला सुट्टीच्या दिवशी कळलं, तरी निम्मे दुखरे खांदे कमी होतील असं मला वाटतं.

आणखी एक. आखडणं अचानक वाढलं तर आधी लघवीची तपासणी करा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीला पडलेली जखम, बोटात रुतलेलं नख, यातलं काहीही आखडणं वाढवतं. गोळी वाढवण्याआधी नख कापावं लागतं.

इथे लेखकाला मध्ये बोलावंसं वाटतं. या दोघांतला शंकेखोर उपचारांचा शत्रू नाही. त्याने आढावे वाचले आहेत, आणि जे चालत नाही ते चालू का ठेवता, एवढंच तो विचारतो. आशावादी बाई मात्र अजून त्याच्या मुख्य प्रश्नापर्यंत आलेली नाही. तो आता येतो.

शंकेखोर : मग तुमचं महागडं औषध घेऊ. बोटॉक्स. सुरकुत्या घालवणारं तेच इंजेक्शन आखडलेल्या स्नायूत देतात, मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप तिथल्या तिथे अडतो, हात सैल पडतो. साधारण तीन महिने. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा हजारो रुपये. इंग्लंडमध्ये ३३३ रुग्णांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये निकाल आला. हात सैल झाला का? झाला. त्या हाताने माणूस वस्तू उचलायला, पेला धरायला लागला का? इंजेक्शन न घेतलेल्यांहून फारसा जास्त नाही. म्हणजे आखडणं मोजण्याच्या पट्टीवर गुण वाढले आणि ताटापाशी माणूस होता तिथेच. हात सैल झाला, पुढे काय?

आशावादी : त्याच प्रयोगात दुसरंही निघालं होतं. हात धुणं, बाही चढवणं, नखं कापणं सोपं झालं. तुम्हाला हे किरकोळ वाटतं? मूठ इतकी घट्ट मिटलेली असते की नखं तळव्यात रुततात, आत घाम साचतो, वास येतो, कातडी सोलते. सून ती मूठ उघडायला जाते आणि सासरे ओरडतात. त्या घरात मूठ उघडणं हेच रोजचं भांडण असतं. ते मिटलं तर मी त्याला यश म्हणते. मात्र तो हात कामाला लागेल असं सांगून इंजेक्शन विकणं ही फसवणूक, एवढं तुमच्याबरोबर म्हणायला मी तयार आहे.

आणि पायाचं ऐका, तिथे तर उलटंच होतं. कित्येकांचा गेलेला पाय आखडलेला असतो म्हणूनच ते उभे राहू शकतात. मांडीचा ताठरपणा कललेल्या भिंतीला दिलेल्या टेकूसारखा असतो, काढला की गुडघा मुडपतो आणि माणूस खाली. आखडणं कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी वाढवली, हात जरा सैल झाला, पण सुस्ती आली, पाय लटपटला, न्हाणीत पडले, असं ऐकू येतं. ती गोळी मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं. म्हणून प्रत्येक आखडणं घालवायचं नसतं. कुठलं ठेवायचं, हे रुग्णाला चालताना बघून ठरवावं लागतं, पलंगावर झोपवून नाही.

शंकेखोर : चालताना बघायला वेळ कुणाला आहे? मोठ्या डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटं मिळतात, फिजिओ दुसरीकडे, इंजेक्शन देणारा तिसरीकडे. पण चालण्याचा विषय काढलाच आहे तर तोलाबद्दल बोलू. तुम्ही लोक तोल मोजता तो बर्ग यांच्या पट्टीने. कॅनडाच्या कॅथरीन बर्ग यांनी १९८९ मध्ये मांडली. चौदा कामं, एकूण ५६ गुण. खुर्चीवरून उठा, डोळे मिटून उभे राहा, मागे वळून बघा, जमिनीवरची वस्तू उचला, एका पायावर थांबा. चांगलीच पट्टी आहे. पण तिच्यात जमिनीवर मांडी घालून बसणं नाही. उकिडवं बसणं नाही. जुन्या पनवेलच्या घरात उंबरा आहे, न्हाणीची मोरी आहे, देशी संडास आहे. नेऱ्याच्या पुढच्या वाड्यांत शौचाला बांधाकडेने चालत जाणारे अजून आहेत. एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी. पावसाळ्यात तर सगळं अंगणच निसरडं. क्लिनिकच्या फरशीवर गुण मिळवलेला माणूस या कशात उत्तीर्ण होतो?

आशावादी : हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण खरा आहे. तोल तीन वाटांनी येतो. डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय-सांध्यांतून येणारी खबर. झटक्यानंतर ही तिसरी वाट अनेकदा बुजते, म्हणून माणूस डोळ्यांवर विसंबतो. दिवसा बरा चालतो, रात्री दिवा गेला की कोसळतो. यावर उपाय सरावाचाच, पण सराव कशाचा, हे महत्त्वाचं. संशोधन गेली कित्येक वर्षं एकच सांगतंय. जे काम हवं त्याच कामाचा सराव द्या. खुर्चीतून उठता यायला हवं तर खुर्चीतून उठवा, दिवसात अनेकदा, गेलेल्या पायावर वजन टाकायला लावून. मोरीत उतरता यायला हवं तर मोरीच्याच कडेला उभं करा. म्हणजे फिजिओने घरी जायला हवं.

पावलाच्या स्प्लिंटचीही तीच गत. पाऊल लोंबू नये म्हणून एएफओ देतात. तो घालून बुटात चालायचं. आपल्याकडे माणूस उंबऱ्यापाशी चपला काढतो, म्हणजे स्प्लिंटही तिथेच निघतो. घरातला सगळा वावर, जिथे पडण्याचा धोका सर्वांत जास्त, तो अनवाणी.

शंकेखोर : घरी जायला हवं, हे म्हणणं सोपं. आणि तोवर मोठ्या शहरांत यंत्रमानव आलेत. हात धरून फिरवणारे, पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवणारे. लाखांची यंत्रं. त्यावर काय म्हणता?

आशावादी : फार काही नाही म्हणत. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर यंत्रमानवाचा हातासाठी प्रयोग झाला. २०१९ चा निकाल असा की नेहमीच्या उपचारांपेक्षा हात जास्त कामाचा झाला नाही. ट्रेडमिलचा अमेरिकेतला प्रयोग २०११ चा, ४०८ जणांचा. पट्ट्याने टांगून चालवलेले आणि घरी फिजिओने व्यायाम करून घेतलेले, वर्षाअखेर दोन्हींकडे सुधारणा सारखीच होती. मी तर याला आनंदाची बातमी म्हणते. पनवेलला यंत्र नाही म्हणून रडायचं कारण उरलं नाही.

शंकेखोर : अर्धी बातमी सांगितलीत. त्या घरच्या व्यायामाची ३६ सत्रं होती, प्रत्येकी नव्वद मिनिटांची, आणि शिकलेला फिजिओ घरी येत होता. पनवेलला तेवढ्या वेळा दीड-दीड तास फिजिओ घरी येईल एवढे पैसे किती घरांत आहेत? सरकारी योजना दवाखान्यातल्या खाटेसाठी बांधलेल्या, खाट सुटली की योजना सुटली. आता तुमचा पुढचा मुद्दा मला ठाऊक आहे. घरच्यांना शिकवू. तेही करून पाहिलं आहे, आणि तेही आपल्याच देशात. अटेंड नावाचा प्रयोग, भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्या माणसाला दवाखान्यातच काही दिवस रोज साधारण तासभर शिकवलं, पुढे घरीही पाठपुरावा केला. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले किती? शिकवलेल्यांत ४७ टक्के. न शिकवलेल्यांत ४७ टक्के.

या आकड्यापुढे आशावादी बाई लगेच बोलत नाही, आणि तिने बोलू नये हेच बरं. पुनर्वसनाच्या भारतीय चर्चेत हा निकाल फार लवकर बाजूला सारला जातो. पैसे नाहीत, फिजिओ नाहीत, तर कुटुंब आहेच, ही आपली लाडकी समजूत आहे. ती तपासली गेली आणि निदान त्या स्वरूपात टिकली नाही.

आशावादी : त्या निकालाने मलाही हलवलं होतं. त्यातून मी काढलेला अर्थ सांगते, तो पटवून घ्या असं नाही. बायको किंवा सून म्हणजे फिजिओ नव्हे. तिला आणखी एक काम दिलं, तेही रोजच्या रांधण्या-वाढण्यात बसवून. किती सराव झाला हा खरा प्रश्न. आमच्या क्लिनिकांतही तोच. अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये शेकडो सत्रं नुसती बसून मोजली. हाताच्या कामाचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळा. आणि ज्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले, त्यांनी दिवसाला ४०० ते ६०० वेळा हात हलवला होता. आपण औषधाचा दहावा-विसावा भाग देतो आणि म्हणतो, गुण आला नाही.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत नव्वद तास हातावर काम करतात. झटक्याला वर्षं उलटलेली माणसंही तिथे सुधारली, २२४ जणांची नोंद २०१९ मध्ये आली. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, हे आपल्याकडचं पालुपद त्यांनी खोटं पाडलं.

शंकेखोर : त्या २२४ जणांशी तुलना करायला दुसरा गट नव्हता. आणि तिथे पोहोचले ते निवडलेले, जिद्दीचे. आधी थोडी तरी हालचाल असलेले. धडधाकट हातात हातमोजा चढवून लुळ्या हाताला कामाला लावण्याची ती प्रसिद्ध पद्धत घ्या. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर यशस्वी ठरली. पण मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येणाऱ्यांनाच त्यात घेतलं होतं. म्हणजे ज्यांच्याकडे थोडं आहे त्यांना आणखी मिळतं. ज्याची मूठ उघडतच नाही, त्याच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?

आशावादी : आरसा आहे. बाजारात मिळणारा साधा आरसा मधोमध उभा ठेवायचा, लुळा हात त्याच्यामागे, चांगला हात पुढे हलवायचा. डोळ्यांना वाटतं दोन्ही हात हलताहेत. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या भासासाठी शोधलेली युक्ती १९९९ मध्ये लकव्याला लावून पाहिली गेली, आणि पुढे बऱ्याच प्रयोगांच्या आढाव्यात तिचा मध्यम प्रतीचा उपयोग दिसला. मध्यम म्हणते आहे, चमत्कार नाही. त्याशिवाय तोल आहे, चालणं आहे, एका हाताने कपडे घालायला शिकणं आहे.

शंकेखोर : आणि तेल आहे! पनवेलला हे विसरून कसं चालेल. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधांचं धूतपापेश्वर इथलंच. मालिशवाला घरी येतो, तासभर अंगाला तेल लावतो. माझं प्रामाणिक मत सांगू? मेंदूचं काही होत नसेल त्याने, पण त्या तासात कुणी तरी त्या माणसाच्या मेलेल्या हाताला हात लावतं. घाईघाईत वीस मिनिटं मशीन लावणाऱ्या क्लिनिकपेक्षा मला ते जास्त माणुसकीचं वाटतं. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटीला लकव्याचे रुग्ण देशभरातून जातात, सात दिवस राहतात, प्रदक्षिणा घालतात. तुम्ही हसाल.

आशावादी : हसत नाही. सात दिवस, रोज ठरल्या वेळी, कुणाच्या तरी आधाराने चालणं, तेही आजूबाजूला आपल्यासारखेच लोक असताना. आमच्या क्लिनिकमध्ये एवढं चालणं मी क्वचित घडवून आणते. माझी हरकत एकच. काही जण पहिल्या आठवड्यांत रक्त पातळ करणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडून तिकडे धावतात. दुसरा झटका तिथे येतो. आणि घाईचं म्हणाल तर घाई आम्हीही केली आहे. पहिल्या चोवीस तासांतच जोरात उठवून चालवण्याचा प्रयोग पाच देशांत २१०४ रुग्णांवर झाला, २०१५ चा निकाल. जास्त घाई केलेल्यांचं तीन महिन्यांनी उलट थोडं वाईटच होतं.

पण वेळेचा एक चांगला पुरावाही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत ७२ रुग्णांना हाताचा वीस तासांचा जादा सराव दिला, कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांनी, कुणाला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर. आपल्याकडे त्याच सुमारास घरचे थकतात.

शंकेखोर : मग आता माझा शेवटचा आणि अवघड प्रश्न. तास मोजके, पैसे मोजके. ते दोन-तीन महिने हातावर घालवायचे की पायावर? नेदरलँड्समध्ये १८८ रुग्ण पाहून २०१० मध्ये सांगितलं गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बोटं थोडी उघडत असतील आणि खांदा बाहेर नेता येत असेल, तर सहा महिन्यांनी हात काही तरी कामाचा होण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही नसतील तर २५. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुम्हाला अंदाज असतो. तो घरच्यांना का सांगत नाही? सांगितलं तर ते चेंडू, कप्पी आणि इंजेक्शनांवरचा पैसा वाचवून तोलावर लावतील. न्हाणीत दांडी बसवतील.

आशावादी : कारण २५ म्हणजे शून्य नाही, काका. चौघांत एक. मी हात सोडा म्हटलं की घरातले त्या दिवसापासून त्या हाताकडे बघणं बंद करतात, आणि मग तो चौथा माणूसही हात गमावतो. मी सांगत नाही असं नाही. कधी सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शंकेखोर : तुमच्या न ठरवण्याचे पैसे मात्र त्यांच्या खिशातून जातात.

आशावादी : जातात. आणि सांगण्याचे पैसेही त्यांच्याच हातातून जातील. यातलं कमी नुकसान कशात, हे मला तुमच्या आढाव्यांत कुठे सापडलं नाही.

हा वाद इथे मिटत नाही. लेखकाचा कौल मागितलाच तर तो सांगण्याच्या बाजूने आहे, पण आकडा सांगून पाठ फिरवणाऱ्याच्या बाजूने नाही. आकड्यामागे आधार देणारी व्यवस्था हवी, आणि तशी एकदा उभी राहिली होती. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर मुंबईत केईएममध्ये १९५३ साली फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्राची पुनर्वसन संस्था उभी राहिली. लहान मुलांचे पाय गेले तेव्हा सरकार हललं होतं. लकव्यासाठी तसं काही उभं राहील तेव्हा राहील. तोवर ज्यांच्या घरी हा आजार आला आहे, त्यांनी सुट्टीच्या दिवशी फाइल हातात घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारावंच : बोटं उघडण्याची हालचाल दिसते आहे का, दोन महिन्यांनी पुन्हा तपासायची तारीख कोणती, आणि हात किंवा पाय जास्त आखडायला लागला तर फोन कुणाला करायचा. उत्तरं फाइलवर लिहून घ्यावीत.